कलम सात आणि पल्लवीची खुर्ची

६ जानेवारी, मंगळवार. नांदेड

काल लातूरचं व्याख्यान. हॉल भरला, बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. विषय: मोजपट्टी कुणाची? सव्वा तास बोललो, मध्ये पाणीही घेतलं नाही. आज घसा पार बसलाय.

टाळ्या पहिल्यांदा पडल्या त्या नातीच्या चित्राला. शाळेत 'माझा पाळीव प्राणी' काढायला सांगितलं. तिनं लातूरजवळच्या मुरुडच्या आमच्या घरची म्हैस काढली. शिंगं, शेपूट, दावं, सगळं जागच्या जागी. बाईंचा लाल शेरा: कुत्रा किंवा मांजर काढा. ज्या मुलुखात दारोदार म्हैस आहे तिथं म्हैस चूक ठरते आणि कुणाला हसूही येत नाही, याला मी जागतिकीकरण म्हणतो, असं म्हणालो. टाळ्यांसाठी बराच वेळ थांबावं लागलं.

मग उदगीरकडची ती मुलगी. गेल्या वर्षी मुलाखतीत खाली बघून बोलली, म्हणून 'आत्मविश्वास कमी', निवड नाही. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये हे तिला घरात चांगलं वळण म्हणून शिकवलेलं. तेच वळण तिच्याविरुद्ध पुरावा झालं.

मुलाखत घेणारी परदेशी संस्था पहिल्या रांगेत बसलेली, म्हणजे तिच्या लातूर ऑफिसची माणसं. नांदेड-लातूरच्या खेड्यांतल्या दहा मुली दर वर्षी निवडतात. अकरावी-बारावी सायन्स लातूरला; राहणं, जेवण, शिकवणी सगळं त्यांच्याकडून. त्या मुलीवरून मी त्यांच्याशी एवढा भांडलो की त्यांनी मलाच नियमावलीच्या समितीवर घेतलं. कलम सात माझं. शब्द न् शब्द माझा. काल स्टेजवरून वाचून दाखवलं: 'मुलीच्या वागण्यामागे किंवा गैरहजेरीमागे गावची रीत असल्यास तिचा आदर राखावा, त्याबाबत प्रश्न विचारू नयेत.' लोक उभे राहिले.

सुधा, जेवताना: "बाकी सगळं छान. पण 'प्रश्न विचारू नयेत' हे तुमच्या तोंडी नवीनच."

उभा जन्म बी.एड.च्या पोरांना प्रश्न विचारा म्हणत आलो, त्याला बायकोचा टोमणा. म्हणालो, संदर्भ वेगळा आहे. ती म्हणाली, "हं."

११ जानेवारी, रविवार

आवाज परत आला. तीन आमंत्रणं: नांदेडला एक, उदगीर, पुन्हा लातूर. सगळ्यांना तोच विषय हवाय.

गायकवाड बाईंचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात सगळ्यात शेवटच्या बाकावर बसून सगळ्यात अवघड प्रश्न विचारायची. आता रेणापूरच्या पुढं एका खेड्यातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिची पल्लवी नावाची दहावीतली मुलगी संस्थेच्या लेखी परीक्षेत दोन्ही जिल्ह्यांत पहिली आली. व्होल्टेज पडल्यावर विहिरीवरची मोटार का जळते, यावर दोन पानं लिहिली म्हणे. बाई सांगताना हसत होती आणि बहुतेक रडतही होती. १९ तारखेला टॅबवर मुलाखत. ती झाली की ठरलंच.

अशा एका मुलीसाठी माणसानं शंभर भाषणं करावीत.

२० जानेवारी, मंगळवार

मुलाखत झालीच नाही.

गा. बाईंचा सकाळीच फोन. आवाज सपाट. संस्थेनं दिलेला टॅब शाळेच्या ऑफिसात असतो, रेंजही तिथंच. ऑफिसात सरस्वतीची तसबीर, रोज हार. पल्लवी परवापासून बाजूला बसलेली. पाळी. त्या गावात त्या दिवसांत मुली वर्गात येतात, मागं बसतात. पण ऑफिसात पाय ठेवत नाहीत. कुणी नियम लिहिलेला नाही. ठेवत नाहीत, एवढंच. हेडसरांनी मुलाखतीच्या वेळी स्वतः कळवलं: मुलगी गावच्या रीतीमुळे हजर राहू शकत नाही. पलीकडून 'आम्ही आदर करतो' आलं आणि स्क्रीन बंद.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"मी दुसऱ्या तासावर होते, सर. मला मधल्या सुट्टीत कळलं. पल्लवी व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. वही उघडी. मला म्हणली, म्याडम, मी तयारी केली होती."

२१ जानेवारी

लातूर ऑफिसच्या निखिलला फोन. पुण्याचा मुलगा, गुणी, नम्र. चिडलो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, आम्ही कलम सातप्रमाणेच वागलो. तुम्हीच ड्राफ्ट केलंय." आणि वाचून दाखवलं. माझं वाक्य, माझ्या स्वल्पविरामासकट.

हेलन म्हणून त्यांची मुख्य बाई तिकडं परदेशात बसते. तिचं पत्रही त्यानं पाठवलं. अतिशय सभ्य. तुमची परंपरा समजून घेण्याचा आमचा अधिकार नाही, ती आम्ही मान्य करतो. उमेदवाराच्या जागी यादीतली पुढची मुलगी घेऊ.

एकही अपशब्द नाही. एका मुलीची दोन वर्षं, कदाचित सगळंच पुढचं, इतक्या आदरानं काढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि हा आदर त्यांना शिकवला कुणी? मी.

दुपारी निखिलला पुन्हा फोन. पुढची मुलगी घेऊ नका, मी स्वतः गावात जाऊन येतो, तोवर थांबा. "विचारतो, सर."

२२ जानेवारी

उन्हात बसून सुधाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी म्हणालो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कलम लिहिताना माझ्यासमोर खाली बघणारी मुलगी होती, कपाळावरचं कुंकू होतं, हातानं जेवणं होतं. हे नव्हतं.

"का नव्हतं?" सुधा म्हणाली. "मुरुडला तुमच्या आईला बघितलं नाहीत?"

बघितलं. मागच्या अंगणात सरपणाच्या ढिगाशेजारी घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. मी पाच-सहा वर्षांचा. भाकरी घेऊन जायचो आणि लांबून ताटात टाकायचो. नेम बरोबर बसला की आई हसायची. मला तो खेळ वाटायचा.

"आणि मीही बसलेय तिथं. त्याच घोंगडीवर. लग्नानंतर तीन वर्षं, नांदेडला बिऱ्हाड करेपर्यंत. तुम्ही तेव्हा एम.फिल. करत होता."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

भाजी निवडून झाली. ती आत गेली. मी बसूनच.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन त्या गावातच. गा. बाईंनी हेडसरांना आधी सांगून ठेवलेलं, त्यामुळे नारळ, शाल, दोन शब्द बोला, सगळं. दोन शब्द म्हणजे खरोखर दोनच बोललो. हेडसर जरा हिरमुसले.

पल्लवी लेझीम पथकात होती. लांबून पाहिली. उंच, पुढच्या रांगेत, पावलं पक्की.

नंतर ऑफिसात चहा. हेडसर माणूस वाईट नाही. म्हणाले, "सर, मला वैयक्तिक काही नाही ओ. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, काही पाळत नाही. पण इथं उद्या कुणी म्हणलं की सरांनी तसबिरीम्होरं बसवलं, तर शाळेच्या नावानं बोंब. गाव आहे."

मग पल्लवीच्या घरी. वडील शेतावर. आई दारात पदर सावरून उभी, बोलली नाही. आजी मात्र माझ्याच वयाची, भीड नाही.

"तुमी भाषणं करता म्हणं."

"करतो."

"मंग ह्यात कामून पडलाव? तुमची माय बसली न्हाई का बाजूला?"

"बसायची, आजी."

"मेली का त्यानं?" ती पुढं म्हणाली, "आवं, तेवढेच चार दिस कुणी पाणी आण म्हणत न्हवतं. शेण काढ म्हणत न्हवतं. मी तर देवाला म्हनायची, महिन्यातून दोनदा येऊ दे."

आई पदराआड हसली. मीही. माझ्या सव्वा तासाच्या भाषणात या वाक्याला जागा नव्हती, आणि माझ्या विरोधकांच्या भाषणातही नसते.

पण मी चिकाटी सोडली नाही. दोन तासांनी तोडगा निघाला. हेडसरांनीच काढला: टॅबचं टेबल ऑफिसच्या दाराला आतून लावायचं, पल्लवीची खुर्ची उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात. तसबिरीला विटाळ नाही, रेंजही मिळते. आजी म्हणाली, "असं आसंल तर माझं काय न्हाई." सगळे खूश. मी लगेच निखिलला कळवलं.

परतताना रेणापूरच्या फाट्यावर चहा. फार दिवसांनी वाटलं, भाषणाशिवाय काहीतरी करून आलो.

२८ जानेवारी

हेलनची परवानगी आली. मुलाखत पुन्हा होईल. तारीखही दिली: १९ जानेवारीनंतर बरोबर चार आठवड्यांनी, सोमवार १६ फेब्रुवारी, सकाळी दहा.

आनंदानं सुधाला वाचून दाखवलं. ती बोटांवर मोजू लागली आणि एकदम हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय झालं?"

"अहो, बरोबर अठ्ठावीस दिवस!"

मला तरीही कळायला क्षण लागला.

"तिकडं बाईच बसलीय ना?" सुधा म्हणाली. "तिच्याही लक्षात आलं नाही?"

कदाचित आलं असेल. कलम सात आहे ना, विचारायचं नाही.

तरी बरं, खुर्ची बाहेर ठेवायचं ठरलंच आहे. तारीख कोणतीही असो.

३१ जानेवारी, शनिवार

गा. बाई स्वतः नांदेडला आली. दीराकडं काम होतं म्हणाली, पण मला माहीत आहे, माझ्याकडंच आली होती. सुधानं पोहे केले. बाईनं खाल्ले, बशी खाली ठेवली आणि म्हणाली,

"सर, तुम्ही तोडगा काढलात म्हणे."

"काढला. चांगला नाही?"

"खुर्ची दाराबाहेर."

"हो. सगळ्यांना मान्य झालं."

"माझे आजोबा त्याच गावात तिसरीपर्यंत शिकले. दाराबाहेर बसून. तेव्हाही सगळ्यांना मान्य होतं. मास्तर चांगले होते, शिव्या देत नव्हते. आत फळ्यावर लिहायचे, आजोबा बाहेर मातीत गिरवायचे." ती माझ्याकडं सरळ बघत होती. "आजोबा सांगायचे, अक्षर चांगलं आलं, पण फळ्याची डावी बाजू कधी दिसली नाही."

सुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मी विहारात जाणारी बाई, सर. मी त्या तसबिरीला हात लावला तर हेडसर मला काही म्हणणार नाहीत, पण गाव म्हणेल, हिला आमच्या रीतीचं काय. म्हणून मी गप्प बसले १९ तारखेला. दुसरा तास होता हे खरं. पण नंतरही मी काही बोलले नाही."

जाताना नेहमीसारखी पाया पडायला वाकली. मी हात धरून थांबवलं.

तोडग्याबद्दल २६ तारखेला जे लिहिलंय ते खोडत नाही. राहू दे. वाचायला लागेल.

४ फेब्रुवारी

चार दिवस कलम सात समोर घेऊन बसलोय.

काढून टाकावं? मग उदगीरची ती मुलगी पुन्हा नापास. पुन्हा म्हैस चूक, कुत्रा बरोबर. ठेवावं? मग पल्लवी बाहेर.

वाचून वाचून डोळे गेले. जगभरच्या विद्वानांनी या प्रश्नावर कपाटं भरलीत. त्यातली बरीच माझ्याकडं आहेत. एका बाजूचे म्हणतात, प्रत्येक समाज आपल्या जागी बरोबर. दुसरे म्हणतात, माणूस सगळीकडं एक, न्याय एक. दोघांच्याही पुस्तकांत व्हरांड्यातला खांब नाही.

मला एवढं दिसतंय: 'गावची रीत' असं आपण म्हणतो, पण गावाला तोंड नसतं. गावाच्या वतीनं कुणीतरी एकजण बोलतो. बहुतेक वेळा तो त्या रीतीखाली बसलेला नसतो. १९ तारखेला गावाच्या वतीनं हेडसर बोलले. २६ तारखेला मी.

दोन तास बोललो त्या दिवशी. हेडसरांशी, आजीशी, निखिलशी. पल्लवीशी एक शब्दही नाही. लेझीम बघितली आणि आलो.

७ फेब्रुवारी, शनिवार

नांदेडच्या कॉलेजात व्याख्यान. तोच विषय, त्यांनी बॅनरही केलेला. अर्ध्यावर आलो तेव्हा एका मुलीनं हात वर केला: "सर, परंपरा चुकीची आहे हे ठरवायचं कुणी? बाहेरच्यांनी की आतल्यांनी?"

एरवी अशा प्रश्नावर मी वीस मिनिटं घेतो. आज म्हणालो, "आतलेही सगळे सारखे आत नसतात." आणि पुढं काही सुचेना. पाणी प्यालो. संयोजकांना वाटलं तब्येत बिघडली.

९ फेब्रुवारी, सोमवार. लातूर

दहावीची परीक्षा तोंडावर, त्यासाठी गा. बाई मुलींना सराव परीक्षेला लातूरला घेऊन आलेली. मीही गेलो. बसस्टँडच्या कँटीनमध्ये पल्लवी समोर बसली. बाई मुद्दाम बाकीच्या मुलींना घेऊन दुसऱ्या टेबलावर.

आधी मोटारीचं विचारलं. मोटार का जळते? तिचा चेहरा उजळला. कॉइल, करंट, ताण. टेबलावर पाण्यानं आकृती काढली. मला निम्मंच कळलं. मग थांबली.

"सर, तुम्ही पहिलेच."

"कशात?"

"सगळे माझ्या बसण्याचंच बोलून राहिलेत. हेडसर, आजी, म्याडमबी. मुलाखतीत काय इचारतील हे कुणीच बोलंना."

मान खाली होती. वळण. पण आवाज नव्हता खाली.

"१९ तारखेला काय झालं होतं, पल्लवी?"

"आई म्हणली, कुणाला सांगू नको, जा गुपचूप. ती पण तसंच करती, देवळात जायचं असलं की." ती बोटानं आकृती पुसत होती. "पण सर, एकदा लपून गेले की दर महिन्याला लपावं लागतंय. लातूरला दोन वर्षं राहायचं, तितंबी लपायचं? म्हणून मी हेडसरांना खरं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, ये आत."

मला वाटलं ते म्हणतील, ये आत. हे वाक्य मी इथं दुसऱ्यांदा लिहितोय, कारण दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

विचारलं: "१६ तारखेला तुला कुठं बसायचंय? आत, बाहेर, तुझ्या वर्गात, बाईंच्या घरी. तू सांगशील तिथं टॅब नेऊ. रेंजचं मी बघतो."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. अगदी क्षणभर.

"आजी बोलायची बंद होईल, सर. आत बसले तर." मग हळूच म्हणाली, "मी आजीजवळच झोपते."

"मग बाहेर?"

"असंबी नाही म्हणलं मी." आणि उठताना: "विचार करून सांगते. चालंल?"

चालेल म्हणालो. गाडी लागली होती.

१२ फेब्रुवारी

कलम सात नव्यानं लिहून पाठवलं. पहिली ओळ तीच, आदर राखावा. 'प्रश्न विचारू नयेत' खोडलं. त्याजागी: 'रीतीमुळे मुलीची संधी जात असल्यास सर्वप्रथम मुलीलाच विचारावे, आणि एकटीला विचारावे. तिचे उत्तर अंतिम मानावे.'

निखिलचा फोन. "सर, हे म्हणजे आपण कल्चरमध्ये हस्तक्षेप करतोय असं तिकडं वाटेल."

"मुलगी कल्चरच्या बाहेर आहे का?"

"तसं नाही, सर..."

"मग कल्चरलाच विचारतोय आपण."

तो हसला. पाठवतो म्हणाला. हेलनचं उत्तर नाही अजून.

पल्लवीचंही नाही.

सुधा म्हणते, फोन करू नका. मी केला नाही. मला आयुष्यात याहून कठीण काही जमलं असेल असं वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेनऊ, शाळेचा व्हरांडा

सुधाही आलीय. म्हणाली, "भाषण करू नका, एवढं बघायला येते." गा. बाईंनी दुसरा तास दुसऱ्याकडं दिलाय, तसं सकाळीच सांगितलं.

हेडसरांनी ठरल्याप्रमाणे टेबल दाराला आतून लावलंय. टॅब चार्जिंगला. निखिलचा निरोप: हेलन स्वतः स्क्रीनवर असेल. कलमाबद्दल त्यात काहीच नाही. तसबिरीला ताजा झेंडू. खुर्ची व्हरांड्यात, उंबऱ्याला चिकटून. मी तिला हात लावला नाही. बाईंनीही नाही. आम्ही दोघं तिच्याकडं बघणं टाळत होतो.

आजी आली. कुणी बोलावलं नव्हतं. पायरीवर बसली, सुधाला म्हणाली, "बसा की." सुधा शेजारी बसली. दोघी काहीतरी बोलताहेत, मला ऐकू येत नाही. आजीनं एकदा खुर्चीकडं बोट दाखवलं, सुधानं मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही.

पावणेदहाला पल्लवी आली. दोन वेण्या, शाळेचा ड्रेस, हातात वही. आजचा दिवस कोणता ते मला माहीत नाही. ते विचारायचं नव्हतं मला. विचारायचं होतं ते विचारून झालंय, उत्तर अजून तिच्याकडंच आहे.

हेडसर घाईघाईनं पुढं झाले आणि खुर्ची आणखी थोडी बाहेर सरकवू लागले.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. खाली बघूनच. "खुर्चीचं मी बघते."

हेडसरांनी हात काढून घेतला.

आता ती नळावर हात-तोंड धुतेय. आजी पायरीवरून तिच्याकडंच बघतेय. टॅबवर गोल फिरायला लागलाय. खुर्चीजवळ कुणीही नाही.